शेत, भट्टी आणि खतावणी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांचे पत्र आले, तेव्हा ते नेहमीप्रमाणे यजमानांनाच आलेले असणार असे धरून मी ते न फोडता त्यांच्या मेजावर ठेविले. संध्याकाळी त्यांनी ते मला परत दिले आणि म्हणाले, "नाव नीट वाच. हे तुझे आहे." दुकानाच्या सर्व पत्रांना चाळीस वर्षे मीच उत्तरे लिहीत आले, परंतु मंडळाचे पत्र माझ्या नावाने यावे, हा प्रसंग पहिलाच. त्याबद्दल मी चिटणीसांची आभारी आहे.

'कौटुंबिक उद्योगातील स्त्रीचे स्थान' असा विषय मला देण्यात आला आहे. विषय भारदस्त आहे आणि त्यावर व्याख्यान देण्याइतके माझे वाचन नाही. मला एकच घर आतून ठाऊक आहे. त्या घराचे शेत, त्या घराची भट्टी आणि या दोहोंचा हिशेब ज्या वहीत मांडला जातो ती वही, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

आमचे गाव सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या काठी आहे. जमीन पाच एकर, तीही दोन तुकड्यांत. बेकरी रस्त्याला लागून, घराच्या पुढच्या अंगास. ती मामंजींनी १९६२ साली काढली. त्यापूर्वी ते एका किराणा दुकानात कारकून होते. मिरजेच्या एका मुसलमान उस्तादांकडे दोन वर्षे रात्रीचे जाऊन त्यांनी हा धंदा शिकून घेतला, आणि पुढे उस्तादांनाच विनवणी करून आमच्या गावी आणिले. त्यांचे नातू आज आमच्या भट्टीवर मुख्य कारागीर आहेत.

तरुण मंडळींना आज याचे नवल वाटणार नाही. परंतु पाव हा पदार्थ आपल्या समाजात किती वादाचा होता, हे थोडे आठवून पाहावे. पोर्तुगीजांबरोबर तो गोव्यात आला आणि त्यांच्याच भाषेतला शब्द घेऊन इकडे पसरला. १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली, तेव्हा सभासद होणाऱ्याने ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा असा तिचा दंडक होता; जातिभेद मानीत नाही याची ती परीक्षाच होती. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली, उपस्थितांची नावे छापून आली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. त्या नावांत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडेही होते, आणि रानड्यांसारख्या माणसालाही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. मामंजींच्या वेळी इतके कोणी बोलत नव्हते. तरीही 'भट्टीवाल्यांचे घर' म्हणून आमच्या घरी पानावर बसण्यास कुचरणारे काही आप्त होते, असे सासूबाई सांगत. तेच आप्त दिवाळीपूर्वी मागील दाराने नानकटाईचे डबे नेत. सासूबाई हे हसून सांगत. मला मात्र ते ऐकताना हसू येत नसे.

भट्टीचा दिवस रात्री सुरू होतो. दहाच्या सुमारास पीठ भिजवून आंबण्यास ठेवावयाचे. पहाटे तीनला भट्टीत लाकूड पेटवावयाचे. घुमटाच्या विटा तापून त्यांवरची काजळी जळून गेली, की निखारे ओढून घ्यावयाचे, बांबूला बांधलेल्या ओल्या गोणपाटाने तळ पुसावयाचा आणि ऊब सारखी पसरावी म्हणून तोंड थोडा वेळ बंद ठेवावयाचे. मग चिमूटभर पीठ आत टाकून पाहतात. ते तत्काळ काळे झाले तर अजून थांबावयाचे. सावकाश तांबूस झाले तर पाव लावावयाचा. एकाच तापाचे मोल पुरेपूर घ्यावे लागते. सर्वांत कडक आचेवर लादीपाव, नंतर खारी, नंतर बिस्किटे, मंद झाल्यावर नानकटाई, आणि आदल्या दिवशीच्या पावाच्या कापलेल्या चकत्या रात्रभर उरलेल्या उबेत सुकविल्या की टोस्ट. जी ऊब वाया गेली तिचे लाकूड मात्र विकत आणलेले असते, असे उस्ताद म्हणत.

शेताचे वर्ष याहून सावकाश चालते. पण ते भट्टीच्या आड येते. आमच्याकडे पावसाळ्यात सोयाबीन आणि त्यावर गहू. शेजारी सर्वत्र ऊस आहे. यजमानांनाही त्याचा मोह अनेकदा झाला. परंतु नदीकाठच्या कित्येक जमिनी अतिपाण्याने खारवटलेल्या आम्ही पाहिल्या आहेत, म्हणून गहू सोडला नाही. गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात झाली पाहिजे. पेरल्यापासून अठरा ते एकवीस दिवसांत, मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी, पहिले पाणी मिळालेच पाहिजे. ते चुकले तर पुढची पाच पाणी देऊनही तूट भरत नाही. आता दिवाळी केव्हा येते ते आपणच पाहा. ज्या पंधरवड्यात शेतात पाभर चालावयाची, त्याच पंधरवड्यात गावातील अर्धी घरे आपले तूप, साखर आणि पीठ घेऊन नानकटाई पाडून घेण्यासाठी दाराशी उभी. आमच्या घरात मोठी भांडणे कधी झाली असतील तर ती याच दिवसांत. मे महिन्यात तोच प्रकार कणकेच्या बिस्किटांचा. नव्या गव्हाची कणीक आणि रिकामे पत्र्याचे डबे घेऊन बायका भट्टीपुढे बसत आणि आपल्या तुपाचा घाणा दुसरीच्या घाण्यात मिसळत नाही ना, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवीत.

गव्हाबद्दल दोन शब्द अधिक सांगते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. आम्ही दोन जाती पेरतो. एक लोकवन. गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत निघालेला 'लोक-१' गहू लोकांच्या तोंडी लोकवन झाला. दुसरा खपली. खपलीचा दाणा मळणीनंतरही टरफलातच राहतो. तो वेगळा सडून काढावा लागतो, आणि उताराही कमी पडतो. शिवाय पीठ ताणून धरणारा चिकटपणा त्यात कमी, म्हणून पाव फुगत नाही. मग तो का पेरावा? एक तर त्याची खीर दुसऱ्या कोणत्याही गव्हाची होत नाही. दुसरे असे की तांबेऱ्याला तो दाद देत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील स्टॅकमन या शास्त्रज्ञाने तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी बारा गव्हांचा जो संच ठरविला, त्यात हा आपला गहू 'खपली' याच नावाने आहे. आणि तिसरे, पाव न फुगला तरी टोस्ट आणि बिस्किटे त्याची फार खुसखुशीत होतात. हे सासूबाईंनी प्रथम करून पाहिले. घरातील खपलीचे पीठ संपवावयाचे होते, एवढेच त्याचे निमित्त. पुढे त्या टोस्टांसाठीच लोक दूरदुरून येऊ लागले आणि पिशवीवर मामंजींचे नाव छापले गेले.

आता वहीकडे येते. १९८३ साली मी या घरात सून म्हणून आले, तेव्हा वाणिज्य शाखेची दोन वर्षे पुरी केलेली होती. मामंजींनी महिन्याभरातच रोजमेळ आणि खतावणी माझ्यापुढे ठेविली. त्या काळी सुनेवर एवढा विश्वास टाकणारे सासरे थोडे, हे मी कृतज्ञतेने सांगते. खतावणीत मैद्याचे खाते होते, लाकडाचे होते, उस्तादांच्या पगाराचे होते, पोऱ्यांच्या मजुरीचे होते. बैलांच्या पेंडीचेही होते. सासूबाईंचे नव्हते. पहाटे तीनला त्या भट्टीबरोबर उठत. पीठ चाळणे, पत्र्यांना तूप लावणे, टोस्ट मोजून बांधणे, कारागिरांच्या भाकऱ्या थापणे, आणि दुपारी शेतावर मजुरांमागे उभे राहणे, हा त्यांचा दिवस. मी एकदा धीर करून मामंजींना विचारले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "घरच्या माणसाचे खाते उघडले की घर दुकान होते." मला त्यावर उत्तर सुचले नाही. मी वही मिटली.

उत्तर अकरा वर्षांनी आले, आणि ते वहीनेच दिले. १९९४ साली सासूबाईंचे गुडघे गेले आणि त्यांनी अंथरूण धरले. त्यांच्या जागी भट्टीवर दोन बायका आणि शेतावर एक गडी ठेवावा लागला. त्या तिघांची मजुरी महिनाअखेर मी खर्चात मांडली आणि त्या महिन्याचा नफा जवळजवळ नाहीसा झाला. मामंजींनी तो आकडा पुनःपुन्हा पाहिला. बेरीज चुकली असावी असे त्यांना वाटले. मी फेरबेरीज करून दाखविली. ते काही न बोलता उठून आत सासूबाईंच्या खोलीत जाऊन बसले. आत काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही.

बंधुभगिनींनो, इथपर्यंत मी स्वतःला शहाणी ठरविले आहे. आता जे सांगावयाचे ते माझ्याविरुद्ध आहे. ते न सांगता या व्यासपीठावर बोलणे मला योग्य वाटत नाही.

१९९९ साली मामंजी वारले. सातबाऱ्यावर वारसांची नावे लागावयाची होती. मुलीलाही वडिलांच्या मिळकतीत वाटा आहे, हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून ठरलेले. आमच्या वन्सं, म्हणजे यजमानांच्या थोरल्या भगिनी, तासगावच्या पूर्वेस माळावरच्या गावी दिलेल्या. हक्कसोडपत्रावर त्यांची सही आणण्यासाठी त्या घरी कोण गेले? मीच गेले. बरोबर साडीचोळी आणि टोस्टांचा डबा नेला. वन्संनी कागद वाचलाही नाही. "माहेर उघडे राहू द्या म्हणजे झाले," एवढे बोलून त्यांनी सही केली. सासूबाईंचे खाते वहीत नाही म्हणून जिला रुखरुख लागली होती, तिला वन्संचे नाव उताऱ्यावरून पुसताना काही वाटले नाही. लहानपणापासून त्या भट्टीवर त्यांनीही पत्रे उचलले होते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेचे चांदवडचे महिला अधिवेशन १९८६ चे. पतीने काही जमीन पत्नीच्या नावे करावी, ही त्यांची 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम त्यानंतरची. त्या बातम्या आमच्या घरी वाचल्या जात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच कागदात टोस्ट बांधून गिऱ्हाइकाला दिले जात.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेला महापूर आला. २००५ च्या पुराचे पाणी दुकानाच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आले होते. त्या खुणेवर दोन हात चढवून आम्ही माळा केला होता आणि वह्या, बियाणे, मैद्याची पोती सर्व त्यावर ठेविले होते. या वेळी पाणी माळ्यावरही गेले. आम्ही आठ दिवस उंचावरच्या शाळेत होतो. परत आलो तेव्हा खतावण्यांचा लगदा झाला होता, पोत्यांतील बियाण्याला मोड येऊन ते कुजले होते, आणि भट्टीत गुडघाभर गाळ होता.

पंचनाम्यासाठी सरकारी माणसे आली. यजमान तापाने फणफणलेले, त्यांना मिरजेस आप्तांकडे ठेविले होते. वह्या गेलेल्या; परंतु मैदा किती, लाकूड किती, पत्रे किती, हे सर्व मला तोंडपाठ होते. मी सांगत गेले, ते लिहीत गेले. अखेरीस त्यांनी विचारले, "मालक कुठे आहेत?" जमीन यजमानांच्या नावे, परवाना यजमानांच्या नावे, सही त्यांचीच लागणार. ते गृहस्थ सौजन्याने वागले, नियमाप्रमाणेच वागले, त्यांना मी दोष देत नाही. परंतु छत्तीस वर्षे ज्या दुकानाची पै न् पै मी मांडली, त्याच्या नुकसानीच्या कागदावर माझी सही चालत नाही, हे त्या चिखलात उभी असताना मला कळले. आणि त्याच क्षणी मला वन्संची सही आठवली.

त्या आठवड्यात वन्सं आल्या. भाच्याने जीप आणली होती. तीत खपलीच्या बियाण्याची दोन पोती होती. माहेरच्या गव्हाची खीर व्हावी म्हणून, लग्नानंतर नेलेले मूठभर बी त्या विहिरीच्या पाण्यावर दरसाल चार वाफे पेरीत आल्या होत्या, आणि त्याच वर्षी ते त्यांनी जरा अधिक केले होते. आमच्याकडे त्या जातीचा एक दाणा उरला नव्हता. मी त्यांच्या पायांवर डोके ठेविले आणि हक्कसोडाचा विषय काढला. त्या म्हणाल्या, "ते राहू दे. आधी भट्टीतला गाळ काढू."

भट्टी सुकविणे हेही एक शास्त्र आहे. भिजलेल्या विटांत पाणी मुरलेले असते. घाईने जाळ केला तर आतल्या आत वाफ होऊन घुमट तडकतो. उस्तादांच्या नातवाने पहिला आठवडा केवळ गोवऱ्यांची धग ठेविली, दुसऱ्यात काटक्या, आणि तिसऱ्यात लाकडाला हात लाविला. त्या तीन आठवड्यांत उत्पन्न शून्य. सकाळ झाली की गिऱ्हाईक येऊन धुराकडे पाहून परत जाई. एक चीर गेलीच. ती अजून आहे, दर पावसाळ्यानंतर लिंपावी लागते.

नवी खतावणी घेतली ती या तीन आठवड्यांत. पहिल्या पानावर मी माझे स्वतःचे खाते उघडले. यजमानांनी ते पाहिले आणि शेजारच्या पानावर आपलेही उघडले. घरच्या प्रत्येकाची मजुरी खर्चात पडू लागली, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली. जिच्यावर आम्ही इतकी वर्षे मोठ्या अभिमानाने विसंबलो, ती खारी तोट्यात होती. तिला लाटणे, तूप लावणे, घडी घालणे, पुन्हा लाटणे, हे श्रम सर्व घरच्या बायकांचे. ते फुकट धरले म्हणूनच ती परवडत होती. आम्ही तिचा भाव वाढविला. काही गिऱ्हाइके तुटली. खपलीचे टोस्ट वाढविले. २०२० मध्ये टाळेबंदीत कारागीर गावी गेले, तेव्हा घरच्यांनीच भट्टी चालविली, आणि ती मजुरीही वहीत आहे. त्याच वर्षअखेर भागीदारीपत्र झाले. त्यात यजमानांचे, चिरंजीवांचे, माझे आणि वन्संचे, अशी चार नावे आहेत. वन्सं दोन महिने नाही म्हणत होत्या. शेवटी त्यांच्या सूनबाईंनी त्यांना राजी केले. जमिनीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. तो यजमान आणि मी यांच्यात चालू आहे, आणि इथे त्याविषयी अधिक बोलले तर घरी गेल्यावर मला उत्तर द्यावे लागेल.

आता मंडळाकडे वळते. चिरंजीवांचे नाव आम्ही आपल्या वधूवर-सूचीत दिले होते. 'व्यवसाय' या रकान्यात त्यांनी 'शेती व बेकरी' असे लिहिले. सूचीचे काम पाहणाऱ्या एका हितचिंतकांनी, अगदी आपुलकीने, त्याऐवजी 'खाद्यपदार्थ-उद्योजक' असे लिहिण्याचा सल्ला दिला. चिरंजीवांनी तो मानला नाही. तीन वर्षांत एकही पत्र पुढे गेले नाही. मुली मातीला आणि पिठाला भितात, असे आपल्यात म्हणतात. मला तसे वाटत नाही. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका आपल्या ज्ञातीत आहेत, पहाटेची गाडी पकडून नोकरीस जाणाऱ्या मुली आहेत. त्या कष्टांना भीत नाहीत. ज्या कष्टांची कुठे नोंदच होत नाही, त्यांना भितात. त्यांनी आपल्या आया पाहिल्या आहेत.

२०२२ साली जी मुलगी अखेर आमच्या घरी पाहावयास आली (हो, तीच पाहावयास आली, भट्टीसह सर्व पाहीन म्हणाली), तिने दोनच प्रश्न विचारले. पहाटे किती वाजता उठावे लागते, आणि माझा पगार किती? मध्यस्थ गृहस्थांचा चहाचा पेला हातातच राहिला. मी आत जाऊन खतावणी आणली आणि माझे खाते तिच्यापुढे उघडले. तिने ते सावकाश वाचले आणि एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाली, "इथे मार्च महिन्याची मजुरी उचललेली दिसत नाही." ती खरोखरच उचललेली नव्हती. त्या महिन्यात रोकड कमी होती म्हणून मी माझीच मागे ठेविली होती. आज ती आमच्या सूनबाई आहे, भागीदारीपत्रात पाचवे नाव तिचे आहे, आणि रोकड कमी असली की कोणाचे किती मागे ठेवावयाचे हे ती सर्वांना बसवून ठरविते.

कार्यकारिणीपुढे माझी एक लहानशी सूचना आहे. आपल्या वधूवर-सूचीच्या अर्जात उंची, वर्ण, गोत्र, पत्रिका यांचे रकाने आहेत. ज्या घरी शेती, दुकान वा कारखाना आहे, त्या घरासाठी आणखी दोन रकाने असावेत. घरातील स्त्रियांच्या कामाचा मोबदला हिशेबात मांडला जातो काय? आणि मिळकतीत वा धंद्यात त्यांचे नाव आहे काय? उत्तर 'नाही' असे लिहिण्यास कोणालाही मोकळीक असावी. सूचना मी लेखी आणली आहे. अनुमोदन सूनबाई देणार आहे, ती तिसऱ्या रांगेत बसली आहे.

वेळ संपल्याची चिठ्ठी अध्यक्षांनी दोनदा पाठविली, त्याबद्दल क्षमा असावी. बाहेर मेजावर खपलीच्या टोस्टांचे डबे ठेविले आहेत. ते भेट म्हणून नाहीत, विक्रीस आहेत. जमा मंडळाच्या विद्यार्थिनी-निधीत होईल आणि हिशेब सूनबाई देईल. मला मात्र आता निघावे लागेल. दहा वाजता पीठ भिजवावयाचे आहे, आणि आजची पाळी माझी आहे.